स्थिर काटा

विमान समुद्रात जाऊन उभं राहिलं तेव्हा अण्णा सावे राहीबाईच्या ओट्यावर, तिनं पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या एकुलत्या एक प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. समुद्रात म्हणजे फोनच्या पडद्यावरच्या समुद्रात, तारापूरच्या पश्चिमेला, जिथे निळ्या रंगापलीकडे काही दाखवायची गरज त्या विमानं दाखवणाऱ्या ॲपला कधी वाटली नव्हती. करंगळीच्या नखाएवढं पिवळं विमान जयपूरपासून डहाणूपर्यंत आखून दिल्यासारखं आलं होतं. मग त्यानं पडद्यावर डावीकडे टुणकन एक उडी मारली आणि निळ्यात जाऊन थांबलं. विमान थांबत नाही. मोटार थांबते, माणूस थांबतो, सरकारी पुलाचं काम तर थांबण्यासाठीच सुरू होतं. विमान थांबत नाही, थांबलं तर पडतं. आणि त्या विमानात सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत, खांद्यावर तीन सोनेरी पट्ट्या लावून, अण्णांची समिधा बसली होती.

"काय झाला?" राहीबाईनं विचारलं. ती खाली मांडी घालून बसली होती. पुढ्यात पाण्याची ताटली, शेजारी पसाभर तांदूळ.

"काही नाही. नेटवर्क."

"मंग बघा तुमी नेटवर्क. दाणं कुठं पलतात."

बेटेगावच्या पुढे, चिल्हार रस्त्यापासून आत, एका टेकाडावर हा पाडा. दहा-बारा घरं, एक मोहाचं झाड, आणि राहीबाईच्या कौलांवर आकाशाकडे तोंड वासून बसलेली टीव्हीची छत्री. राहीबाई भगतीण. माणसाचं नाव घ्यायची, चिमटीनं दाणे पाण्यात सोडायची, बुडालेल्यांच्या जोड्या लावायची आणि काय ते सांगायची. मोबदला म्हणून नारळ घेई. गेले तीन गुरुवार तिनं समिधाचं नाव घेऊन सांगितलं होतं, "बरी हाय पोरगी. वारा चांगला हाय तिला." एवढ्यावर अण्णांचा आठवडा निघे. आज तिनं दोनदा दाणे सोडले होते, दोनदा ताटलीत बोट फिरवलं होतं, आणि पाणी ओट्याखाली ओतून दिलं होतं. "आज नाय सांगत."

"नाही सांगत म्हणजे? वाईट सांगतात?"

"वाईट सांगलं असतं तर वाईट बोलली असती. सांगतच नाय. उगा कशाला काय बोलू?"

आता हे अण्णांनी खरं तर समजून घ्यायला हवं होतं. अणुवीज केंद्रात ते मापकयंत्रांच्या विभागात होते. निवृत्तीपर्यंत त्यांनी दाब, तापमान आणि पातळी यांच्याशिवाय कशावर फारसा विश्वास ठेवला नव्हता. वसाहतीतल्या विज्ञान दिनाला 'मोजता येईल तेवढंच मानावं' या विषयावर त्यांचं भाषण ठरलेलं असे, आणि त्यात नव्या पोरांना ते दरवर्षी तेच सांगत: महत्त्वाच्या जागी एक यंत्र कधी नसतं, तीन असतात. तिघांतले दोघं म्हणतील ते खरं. आणि तिघांतलं जे यंत्र 'मला आत्ता कळत नाहीये' असं कबूल करतं, ते चांगलं यंत्र. त्याला दुरुस्तीला पाठवा, त्याचा मान राखा. भीती बाळगायची ती दुसऱ्याची. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांना एक दाबमापक भेटला होता, ज्याचा काटा सगळ्या खोलीत सर्वांत देखणा होता. इतर काटे सारखे किंचित थरथरत, म्हाताऱ्याच्या मानेसारखे. हा मात्र बरोबर हव्या त्या आकड्यावर, चित्रातल्यासारखा. अण्णांनी त्याचं कौतुक केलं. त्यांच्या वरिष्ठांनी पेन्सिलीच्या टोकानं काचेवर टिचकी मारली आणि म्हणाले, "सावे, हा मेलाय. जिवंत काटा थरथरतो. मेलेलाच एवढा खात्रीनं उभा राहतो." त्या वाक्यावर अण्णांनी सगळी नोकरी काढली. आणि आता तेच अण्णा एका चांगल्या यंत्रानं 'आज नाय सांगत' म्हटल्यावर खुर्चीच्या कडा घट्ट धरून बसले होते.

इथवर ते कसे पोचले याला समिधाच जबाबदार होती, असं ते स्वतःला सांगत. गणपतीला ती सरावलीच्या घरी आली होती. ताटात शिराळ्याची भाजी, आणि तिनं भात कालवता कालवता, ऑफिसातली गंमत सांगावी तसं सांगितलं, की हल्ली वर आकाशात उपग्रह खोटं बोलतात. उपग्रह नव्हे, त्यांच्या नावानं दुसरंच कोणी. सरहद्दीकडे तर रोजचं झालंय. "परवा आमच्या विमानाचं ठाम मत होतं की आम्ही दुसऱ्याच देशातल्या एका विमानतळावर उभे आहोत. आणि आम्ही अमृतसरवर, तीस हजार फुटांवर."

"मग?" अण्णांचा घास हातातच.

"मग काय, त्याला म्हटलं, तू बस बाजूला. जमिनीवरच्या केंद्रांना विचारलं, आमची इतर यंत्रं आहेत त्यांना विचारलं. तुमचंच ते, तिघांतले दोन." ती हसली. "अण्णा, तो सिग्नल इतका बारीक असतो ना. चिंचणीच्या देवळात पुजारी गाभाऱ्यात मंत्र पुटपुटतोय असं धरा. तो ऐकून आम्ही रस्ता काढतो. बाहेर कोणी हळदीचा डीजे लावला की संपलं. पुजारी पुटपुटतोच आहे, ऐकू येत नाही."

"म्हणजे चुकू शकतं."

"चुकलं तर चालतं हो. चुकलंय हे कळलं पाहिजे. आपल्या 'गगन' यंत्रणेची अख्खी मेहनत त्यासाठीच तर आहे. जमिनीवर ठिकठिकाणी स्टेशनं, ती उपग्रहाची चूक मोजत बसतात, आणि गडबड दिसली की सहा सेकंदांच्या आसपास वर निरोप जातो, की यावर भरवसा ठेवू नका. ठिकाण सांगणं सोपं आहे. 'माझं ऐकू नका' हे वेळेत सांगणं कठीण." मग तिनं आणखी भात घेतला. सुलूनं, म्हणजे तिच्या आईनं, विचारलं, तूप वाढू का. एवढ्यावर विषय संपला, तो त्या दोघींपुरता. अण्णांच्या छातीत त्या संध्याकाळी जे काही अडकलं ते नंतरच्या अँजिओप्लास्टीतही निघालं नाही. त्यांचा एका गोष्टीवर विश्वास होता, मोजमापावर, आणि त्यांची मुलगी दीडशे माणसं पाठीशी घेऊन अशा मोजमापावर बसली होती ज्याला कुणीही डीजे लावून गप्प करू शकत होतं. मग एका हास्यक्लबवाल्यानं, पोट धरून हसताना मध्येच, राहीबाईचं नाव सांगितलं.

राहीबाईकडे जाणं कठीण नव्हतं. जाताना न दिसणं कठीण होतं. अँजिओप्लास्टीनंतर अण्णांना बोईसर स्टेशनबाहेर चक्कर आली, आणि उसाच्या गुऱ्हाळात दोन तास ते कोणालाच सापडले नाहीत. तेव्हापासून समिधानं तिघांचे फोन एकमेकांना बांधून टाकले होते. नकाशावर तीन ठिपके. ती कुठेही उतरली की आधी बापाचा ठिपका बघे. आता ज्या मुलीला आपण लहानपणी मांजर आडवं गेल्यावर न थांबायला शिकवलं, तिला आपला ठिपका भगतिणीच्या दारात दिसू देणं अण्णांना शक्य नव्हतं. फोन घरी ठेवला तर सुलू ओरडे, बंद केला तर समिधाचे पाच फोन. टाकी नाक्याच्या चहावाल्यापाशी हे दुःख त्यांनी अर्धवट, दुसऱ्या कुणाचं म्हणून, एका टँकर ड्रायव्हरला सांगितलं. त्यानं मिश्या पुसल्या. "अंकल, ये लगा दो लायटर में. मेरी कंपनी समझती है गाड़ी धुलाई पे खड़ी है, और मैं ससुराल घूम के आता हूँ. ट्रकवाला है, छोटी गाड़ी का खिलौना नहीं. ठिपका जहाँ है वहीं चिपक जाएगा." ठिपका हा शब्द त्यानं मराठीत वापरला, याचं अण्णांना बरं वाटलं होतं. वस्तू अंगठ्याएवढी, वर आखूड शेंडी. दर गुरुवारी हास्यक्लबाच्या मैदानाशी ते ती गाडीतल्या सिगारेट लायटरच्या भोकात खुपसत, हिरवा दिवा लागे, आणि अण्णांचा ठिपका मैदानात हसत राही. ते स्वतः चिल्हार रस्त्याला लागत. पोचल्यावर किल्ली फिरवलेली तशीच ठेवत, म्हणजे वस्तू चालू राही. यात काही गैर आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. आपण फक्त स्वतःवर चादर ओढून घेतोय, एवढाच त्यांचा हिशेब.

"पानी पिताव?" राहीबाई म्हणाली. "घाम आला तुमाला."

पडद्यावर विमान तसंच होतं. त्याच्या शेजारी उंची, वेग, सगळे आकडे उभे होते, आणि एकही हलत नव्हता. खालच्या बाजूनं पश्चिमेचा वारा आला आणि त्यात कारखान्यांचा तो नासक्या फणसासारखा वास. एमआयडीसीत प्रत्येक भागाला स्वतःचा वास होता. पूर्वी अण्णा पैजेवर डोळे मिटून सांगत, आता आपण कुठल्या गल्लीत आहोत ते. आंबूस आलं की डावीकडे वळा, कापूर आला की सरळ. त्यांच्या बापाच्या वेळी मच्छीमार, अणुवीज केंद्राची चिमणी आणि देवळाजवळचा ताड एका ओळीत आणून समुद्रातली जागा ओळखत. दोन खुणा, एक रेघ. कोणाला उपग्रह लागत नव्हता आणि कोणाची मुलगी वर बसली नव्हती. त्यांना आठवलं, समिधा चार वर्षांची असताना चिकूच्या वाडीत हरवली होती. झाडं सगळी सारखी, ओळी सारख्या, आणि कुठूनतरी मधूनच तिचा आवाज येई, "मी इथे आहे, मी इथे आहे." इथे म्हणजे कुठे, हे तिला सांगता येईना. अण्णा पळत होते आणि आवाज दर वेळी दुसऱ्याच ओळीतून येत होता. ती सापडली तेव्हा एका जागी शांत बसून चिकू खात होती. हललीच नव्हती. हलत होते ते अण्णाच.

फोन वाजला. सुलू.

"अहो, हसून झालं का? मी गच्चीवर आलेय. गेली की ही वरून." समिधाचं विमान या वाटेनं उतरणार असलं की सुलू गच्चीवर जाई. बोईसरच्या आसपास विमान दहा हजार फुटांखाली येतं, तेव्हा पुढचे मोठे दिवे लावायचे असतात. तो नियम आहे, सगळेच लावतात, हे समिधानं आईला दहादा सांगितलं होतं. सुलू ऐकून घेई आणि दिवा दिसला की पदर हलवे.

"तू पाहिलंस? नक्की?"

"विमान पाहिलं. पण आज दिवा नाही लावला हो तिनं. आणि उंच होतं. नेहमीपेक्षा उंच."

"तिचंच होतं कशावरून?"

"आता त्यावर काय नाव लिहिलेलं वाचू? वेळ तिची, वाट तिची. तुमचा आवाज असा का येतोय?"

"हसून," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

तीन यंत्रं. फोन म्हणतो, ती समुद्रावर उभी आहे. सुलू म्हणते, ती सरावलीवरून गेली, दिव्याशिवाय. राहीबाई म्हणते, आज नाय सांगत. तिघांतले दोन जुळत नव्हते. नोकरीत अशा वेळी काय करायचं ते लिहून ठेवलेलं होतं: काम बंद करा, सुरक्षित स्थितीला या. आकाशात काम कसं बंद करणार? त्यांनी पेन्सिलीनं मारावी तशी बोटानं पडद्यावर टिचकी मारली. फोनला वाटलं, यांना दुसरा नकाशा हवा. त्यानं आज्ञाधारकपणे कुटुंबाचा नकाशा उघडून दिला. त्यात सुलूचा ठिपका घराच्या आसपास जरा इकडे, जरा तिकडे, झोपेत कूस बदलावी तसा सरकत होता. ती गच्चीवर एका जागी उभी असली तरी ठिपका सरकणारच. समिधानं सांगितलं होतं, मोजमाप जिवंत असलं की थोडं हलतंच. आणि अण्णांचा स्वतःचा ठिपका हास्यक्लबाच्या मैदानात उभा होता. तासाभरापासून. एक केस इकडे नाही, एक केस तिकडे नाही. चित्रातल्यासारखा.

त्यांनी मागचा पडदा पुन्हा आणला. समुद्रातलं विमान. मग कुटुंब. मैदानातला बाप. मग विमान. दोन मेलेले काटे, एकाच फोनमध्ये, सारख्याच खात्रीनं उभे. मग अण्णांना समजलं. चादर नव्हती ती. डीजे होता. चादरीनं एक माणूस झाकला जातो. डीजेनं अख्ख्या आळीला पुजारी ऐकू येत नाही. ट्रकवाला, खिलौना नहीं. आणि ते त्याला गाडीत घालून, शोधून काढल्यासारखं, आकाशाला सगळ्यांत मोकळ्या टेकाडावर आणून उभा करत होते, किल्ली फिरवलेली ठेवून, मुलीच्या सुरक्षिततेसाठी.

ते धावले. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसानं धावू नये, हे राहीबाईलाही कळत होतं; ती मागून म्हणाली, "अवो, पडाल." गाडीचं दार, हिरवा दिवा, ती शेंडी. ओढल्यावर वस्तू पटकन निघाली, गरम होती. त्यांनी ती मुठीत धरली आणि मुठीकडेच बघत राहिले. नक्की माहीत काहीच नव्हतं. एवढीशी वस्तू तिथवर पोचते का? कदाचित ॲपच बिघडलं असेल, कदाचित कोणाचा तरी जमिनीवरचा अँटेना. मोजता येईल तेवढंच मानावं. हे मोजायला त्यांच्याकडे काही नव्हतं. विमान पडद्यावरून नाहीसं झालं होतं. समुद्र उरला होता, नुसता निळा. वर खऱ्या आकाशातही काही नव्हतं. ते गाडीला टेकून उभे राहिले आणि मुंबईच्या दिशेनं बघू लागले, जणू इथून धावपट्टी दिसणार होती. तिला आता उतरायला पंधरा-वीस मिनिटं. तिच्याकडे दुसरी यंत्रं आहेत. ती म्हणाली होती, तू बस बाजूला. तिनं यालाही म्हटलं असेल, तू बस बाजूला. पण आज एखादं खरं यंत्र खात्रीनं खोटं बोललं असेल तर? दिवा का लावला नाही? दहा हजाराखाली का आली नाही? चिकूच्या ओळींतून आवाज येत होता, मी इथे आहे, मी इथे आहे, आणि या वेळी ओळी हलवणारे तेच होते.

राहीबाई पाण्याचा तांब्या घेऊन गाडीपाशी आली. तिनं मुठीतली वस्तू पाहिली. "पोरीचा कळला?"

"नाही."

"मंग बसा. उभं ऱ्हाऊन लवकर कळत नाय."

ते बसले नाहीत. कोंबड्या ओट्यावरचे तांदूळ टिपायला आल्या, राहीबाईनं त्यांना हाकललं, त्या परत आल्या, हे किती वेळा झालं अण्णांना सांगता आलं नसतं. फोन वाजला तेव्हा आधी त्यांना तो ऐकूच आला नाही.

"अण्णा, उतरले." समिधाचा आवाज, मागे बसची घरघर, कोणाचं तरी हसणं. "काय दिवस होता. डहाणूनंतर दोन्ही जीपीएस गेले. पार आंधळे. वरच ठेवलं आम्हाला कंट्रोलनं, मग रडारवर हात धरून खाली आणलं. कॅप्टन तर चहा मागवत होते, एवढं काही नव्हतं. आईला सांगा, दिवा उशिरा लावला, रागावू नकोस."

त्यांनी गाडीच्या दाराला धरलं. "बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. गंमत म्हणजे दर गुरुवारी होतंय म्हणे या पट्ट्यात. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एकाचं झालं, पावसात. त्यांना उतरता उतरता परत वर जावं लागलं. तुमचं काय चाललंय? तुमचा ठिपका तास-दीड तास हास्यक्लबात होता. क्लब एवढा हसतो? आणि आत्ता एकदम उडी मारून बेटेगावच्या पुढे गेला. अण्णा, तुमचंही विमान झालं की काय?" ती हसली. मग हसणं मध्येच थांबलं. "अण्णा, तुम्ही कुठे आहात?"

उत्तरं तयार होती. गेले चार गुरुवार ती त्यांच्या खिशात असत: केंद्रातल्या जुन्या सहकाऱ्याकडे, नर्सरीत झाडं बघायला, गाडी मोकळी करायला. तिन्ही चोख. विचारलं असतं तर ती एकाच आवाजात, मान न हलवता सांगता आली असती. पावसात परत वर गेलेल्या त्या दुसऱ्या विमानात कोणाची मुलगी होती, हे त्यांना माहीत नव्हतं.

"समिधा," ते म्हणाले, "माझा ठिपका आत्तापर्यंत जे सांगत होता त्यावर भरवसा ठेवू नकोस."

"म्हणजे?"

"गाडीत एक वस्तू होती. लायटरच्या भोकात. तुला मी दिसू नये म्हणून लावली होती. आता काढलीय, हातात आहे."

मग तिचा आवाज आला तो मुलीचा नव्हता. हा आवाज ती वर वापरत असणार, दीडशे माणसांना न ऐकू येणारा. "कधीपासून?"

"चार गुरुवार."

"मी रिपोर्ट लिहायला घेतलाय, अण्णा."

"लिही."

"त्यात जागा लिहावी लागते. संशय असलेली जागा."

राहीबाई ओट्यावर जाऊन बसली होती. उरलेले दाणे तिनं कोंबड्यांना टाकून दिले होते, ताटली पुसून उपडी घातली होती. अण्णांनी फोन कानापासून दूर धरून नकाशा पाहिला. मोहाचं झाड त्यात नव्हतं, ओटा नव्हता, भगतीणही नव्हती. नुसतं एक मातकट रान, आणि त्यात त्यांचा ठिपका. ते गाडीला टेकून अगदी निश्चल उभे होते. ठिपका मात्र जरा डावीकडे सरकला, जरा परतला, पुन्हा सरकला.

"लिही," ते फोनमध्ये म्हणाले. "ठिपका आता बरोबर आहे. थरथरतोय."